‘दुसरा दोर’चा नवा पत्ता

आमच्या वहिनीला भेटायला कोणी कारखान्यात आलं, की बहुतेक वेळा ती जमिनीवर नसते. छताच्या लोखंडी तुळईला एक जाड हूक आहे. हुकाला दोर, दोराला बेल्ट आणि बेल्टात वहिनी. जमिनीपासून हातभर वर, वय वर्षं बासष्ट, नाकावर चष्मा, पायात मोजे. आलेला माणूस दारातच थबकतो. वहिनी वरूनच म्हणते, "बसा, आलेच खाली. अजून चार मिनिटं राहिलीत."

उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे, काचा पुसणारे, पाइप दुरुस्त करणारे लोक ज्या सेफ्टी बेल्टात लटकून काम करतात, ते बेल्ट वहिनी शिवते. शिवून झालेल्या प्रत्येक बेल्टात ती आधी स्वतः दहा मिनिटं लटकते, मगच त्याला नंबर देते. शिवाय प्रत्येक खेपेतला एक बेल्ट वाळूच्या पोत्याला बांधून वरून सोडायचा, त्याला जबरदस्त झटका द्यायचा, आणि तो टिकला तरी मधोमध कापून पेटीत टाकायचा. चांगला टिकलेला बेल्ट कापताना माझा जीव तुटतो. वहिनीचा तुटत नाही. "एकदा झटका खाल्लेल्या बेल्टावर दुसऱ्याचा जीव टांगायचा नाही, वन्सं," असं म्हणून ती कात्री चालवते.

वन्सं म्हणजे मी, तिची नणंद. सदतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाले, घरात बसवेना, म्हणून वहिनीची कागदपत्रं बघते. मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते. पत्ता चुकीचा लिहायचा आणि पत्र पोचलं नाही की पोस्टाला नावं ठेवायची, अशी माणसं सदतीस वर्षं बघितली की स्वभाव गोड राहत नाही. वहिनीला मात्र राग येत नाही. तिला काम सुचतं. माझ्या मते ते रागापेक्षा वाईट, कारण त्या कामात मलाही ओढलं जातं.

हा बेल्टांचा उद्योग सुरू झाला तो दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तरुणपणी तो उंचावरचा रंगारी होता. एके दिवशी सातव्या मजल्यावर त्याचा दोर कठड्याच्या कडेवर घासून तुटला. बरोबरच्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने हट्टाने त्याला दुसरा एक दोर वेगळ्या ठिकाणी बांधायला लावला होता. त्या दुसऱ्या दोरावर दादा चाळीस मिनिटं लोंबकळला आणि वाचला. सगळे त्या दोराचे पाय धरायला निघाले. वहिनीने मात्र दादाचा बेल्ट घरी आणला, खिडकीपाशी बसली आणि त्याची शिवण उलगडून बघितली. खांद्याच्या पट्टीला तीन टाके शिल्लक होते.

महिन्याभरात तिने जाड शिलाईचं जुनं मशीन मिळवलं आणि दादासाठी पहिला बेल्ट शिवला. दादा काही पुन्हा वर चढला नाही, पण तो बेल्ट त्याच्या सोबत्याने मागितला, मग त्याच्या सोबत्याने. असा ‘दुसरा दोर’ हा कारखाना उभा राहिला. कारखाना हा जरा मोठा शब्द झाला. दोन खोल्या, तीन मशिनं आणि तो हूक. भिंतीवर दादाने रंगाने लिहिलंय: ‘एक दोर कामाचा, एक दोर जिवाचा’.

हा नियम वहिनीच्या हाडात इतका मुरलाय की घरात तिच्याकडे प्रत्येक वस्तू दोन आहेत. विजेऱ्या दोन, चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन. दादा म्हणतो, "नवरा तेवढा एकच, म्हणून बिचारी कायम काळजीत असते."

तर त्या सोमवारी लांबू आला. लांबू हा काचा पुसणारा. त्याचं खरं नाव मलाही आठवत नाही, सहा फुटांच्या वरचा माणूस आणखी कोणत्या नावाने लक्षात राहणार? त्याने टेबलावर एक बेल्ट ठेवला.

"वहिनी, हा तुमचा ना?"

लेबल आमचं होतं. नंबर होता. खांद्याची शिवण एका बाजूला बोटभर उसवली होती. वहिनीने बेल्ट उचलला, उजेडात धरला आणि खाली ठेवला.

"माझा नाही. मी पट्टी काळी असली तर धागा पिवळा घालते. उसवायला लागलं की लांबून दिसलं पाहिजे. इथे काळ्यावर काळा धागा आहे. तू पडलास कुठे?"

"कुठेच नाही. तुम्ही शिकवलंय ना, वर जायच्या आधी हातभर उंचीवर लटकून बघायचं. लटकलो आणि टर्रकन आवाज आला. नवा बेल्ट आहे, परवाच वाटलेत आम्हाला. याच्याबरोबर तुमचं प्रमाणपत्रसुद्धा आलंय ईमेलवर."

त्याने मोबाइल पुढे केला. प्रमाणपत्रावर आमच्या कारखान्याचं नाव, आमचं चिन्ह, खाली वहिनीची सही उचलून चिकटवलेली. ज्या पत्त्यावरून ते आलं होतं, त्यात आमचंच नाव होतं आणि पुढे ‘ऑफिस’ असं जोडलेलं. आमच्या खऱ्या पत्त्यात नाव होतं आणि पुढे दोन आकडे. दोन्ही पत्ते एकाच फुकटच्या सेवेवरचे. बाहेरच्या माणसाला विचारलं, तर त्याला ‘ऑफिस’वालाच खरा वाटावा.

दुपारी लांबूच्या कंपनीतल्या सेफ्टीवाल्या मॅडमचं पत्र आलं. त्यांच्या कंपनीची अडतीस माणसं वहिनीचे बेल्ट वापरतात. पत्र थोडक्यात असं: तुमच्या नावाने दोन पत्त्यांवरून प्रमाणपत्रं आली आहेत. दोन्ही पत्ते कोणीही काढू शकेल असे आहेत. परवा वाटलेले नवे बेल्ट आम्ही लगेच काढून घेतले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सर्व बेल्टांची प्रमाणपत्रं कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनवरून पाठवा. नाहीतर तुमचे सगळे बेल्ट वापरातून काढू आणि यादीतून तुमचं नाव कमी करू.

माझं डोकं फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी तिथल्या तिथे फोन लावला. मॅडम तरुण होत्या आणि अजिबात डगमगल्या नाहीत. "वहिनी खऱ्या आहेत हे मला माहीत आहे. पण मी रजेवर असेन त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसालाही ते कळायला हवं. तो काय वहिनींना ओळखत नाही."

वहिनीने सगळं ऐकलं. "बरोबर बोलतेय मुलगी."

"बरोबर? अहो, तीस वर्षं लोक तुमच्या बेल्टात लटकतायत."

"म्हणूनच. संन्याशाने आपली ओळख नीट लावून ठेवली नव्हती, वन्सं, म्हणून चोराचं फावलं. यादीतून नाव गेलं तर जाऊ दे, पुन्हा मिळवता येईल. पण माझी सही बघून कोणी वर चढला आणि खाली आला तर?" तिने टेबलावरचा तो उसवलेला बेल्ट बाजूला सारला. "डोमेन कुठे मिळतं ते बघा. उद्या बसू."

मी पोस्टातली बाई, त्यामुळे मला हे माझ्या पद्धतीने समजून घ्यावं लागलं. जुना पत्ता म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत मुक्काम. त्या इमारतीत कोणीही येऊन आपल्यासारखी पाटी लावू शकतो. डोमेन म्हणजे इंटरनेटवर आपल्या मालकीचं नाव. ते एकदा आपण घेतलं, की पत्त्यातल्या ॲटच्या चिन्हापुढे फक्त आपणच. तिथे दुसऱ्याला खोली काढता येत नाही.

मंगळवारी सकाळी नऊला आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. ‘दुसरा दोर’ हे नाव मोकळं होतं, ते घेतलं. डोमेन विकणाऱ्या कंपनीने त्यासोबत एका पानाची वेबसाइट दिली. त्या पानावर वहिनीने एकच गोष्ट ठेवली: एक फॉर्म. ‘बेल्टाचा नंबर लिहा, खरा की खोटा ते आम्ही कळवू.’ कोणी फॉर्म भरला की ती कंपनी आमच्याच डोमेनच्या नावाने आम्हाला पत्र धाडणार. रोजची पत्रं लिहायची सोय मात्र दुसऱ्या एका ईमेलवाल्या कंपनीकडे घेतली. पत्ते दोन काढले. वहिनीचा ‘तपासणी’ आणि माझा ‘टपाल’. माझ्या पत्त्याचं नाव तिने मला न विचारता ठेवलं. मला ते आवडलं, पण मी तसं बोलले नाही.

मग पासवर्ड आला. पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर आलेला आकडाही टाकायचा, तेव्हाच दार उघडणार. वहिनीचा चेहरा खुलला. "हे ज्याने केलं त्याला कधीतरी उंचावरून पडायची भीती वाटली असणार. एक कामाचा, एक जिवाचा." मोबाइल हरवला तर वापरायचे आकडे तिने दोन कागदांवर लिहिले आणि दोन डब्यांत ठेवले.

पुढचं काम किचकट होतं. डोमेनच्या मागे एक तक्ता असतो. त्यातल्या काही ओळी सांगतात, आलेली पत्रं कोणाकडे पोचवायची. एक ओळ सांगते, आमच्या नावाने पत्रं पाठवायची परवानगी कोणाला आहे. आणखी एक ओळ म्हणजे लाखेची मोहोर, वाटेत कोणी पत्र उघडून बदललं तर ती मोडते. ईमेलवाल्या कंपनीने आपल्या ओळी दिल्या होत्या आणि त्या जशाच्या तशा तक्त्यात भरायच्या होत्या. वहिनी प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून वाचायची, एका बोटाने टाइप करायची, मग मला मोठ्याने वाचायला लावायची. मी वाचल्यावर पुन्हा स्वतः वाचायची. दादा चहा घेऊन आला आणि आमच्याकडे बघून आल्या पावली परत गेला.

पत्रं पोचवायच्या जुन्या ओळी काढून टाका, असं तिथे ठळक लिहिलं होतं. वहिनीचा हात अडला. तिने त्या आधी वहीत उतरवल्या आणि मगच काढल्या. परवानगीच्या ओळीचं तसं नव्हतं. तिथे डोमेनवाल्या कंपनीची एक ओळ आधीच होती, आणि ईमेलवाल्यांनी म्हटलं होतं, ‘ही ओळ घाला’. जुनी काढा असं काही म्हटलं नव्हतं. वहिनीने जुनीच्या खाली नवी घातली आणि मागे टेकून बसली.

"दोन झाल्या. एक गेली तर दुसरी आहे."

मीसुद्धा बघत होते. मलाही ते चांगलंच वाटलं. सदतीस वर्षं नोकरी केलेली बाई शेजारी बसलेली असताना हे झालं, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी तिने माझ्या जुन्या फुकटच्या पत्त्यावर नव्या पत्त्यावरून एक पत्र पाठवलं: ‘वन्सं, पोचलं का?’ पोचलं. दादाने टाळ्या वाजवल्या.

बुधवारी सकाळी वहिनीने मॅडमना अडतीस प्रमाणपत्रं पाठवली. मिनिटभरात पत्र परत आलं. तिने पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा पाठवलं. एरवी एका टाक्याच्या दहा वेळा चौकशा करणारी ही बाई, पण पत्र परत आल्यावर चुकीचा पत्ता लिहिणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांसारखीच वागायला लागली. तेच पत्र, तीच पेटी, तोच परिणाम.

"थांबा," मी म्हणाले. "परत आलेल्या पत्रावर कारण लिहिलेलं असतं. लोक वाचत नाहीत, एवढंच."

पोस्टात परत आलेल्या पत्रांचा वेगळा खण असतो. तो मी सात वर्षं सांभाळला. कारण नेहमी पाकिटावरच असतं आणि माणूस गावभर विचारत फिरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चष्मा पुसला आणि परत आलेल्या पत्राखालची ती किचकट अक्षरं शब्दाशब्दाने वाचली. अर्थ इतका लागला: पाठवणाऱ्याच्या परवानगीची नोंद तपासता येत नाही, एकाहून जास्त नोंदी सापडल्या. माझं फुकटचं खातं ढिलं होतं म्हणून काल पत्र आत आलं. मॅडमच्या कंपनीचा दरवान कडक होता.

गुरुवारी सकाळी मदतीच्या नंबरवर माणूस मिळाला. फोन स्पीकरवर होता. आवाज शांत होता आणि दिवसभर हेच सांगून कंटाळलेला.

"मॅडम, परवानगीच्या ओळी दोन आहेत तुमच्याकडे."

"हो. मुद्दाम ठेवल्यात. दोन असल्या की जास्त सुरक्षित ना?"

"नाही मॅडम. दोन असल्या की एकही नसल्यासारखं."

वहिनीने पडद्यावरच्या त्या दोन ओळींवर बोट फिरवलं. मग ती हळू म्हणाली, "असं कसं? एक तुटली तर?"

"ती तुटत नाही मॅडम. समोरचा ती फक्त वाचतो. दोन दिसल्या की कोणती मानायची हे त्याला कळत नाही, म्हणून तो कोणतीच मानत नाही. सोपं आहे, वरची काढून टाका."

"वरची काढली तर वेबसाइटच्या फॉर्मवरून येणारी पत्रं?"

"ती कदाचित कचऱ्यात जातील. पण तुमची नेहमीची पत्रं व्यवस्थित जातील. बहुतेक लोक काढूनच टाकतात."

"विचार करते," म्हणून वहिनीने फोन ठेवला. ती उठली आणि भिंतीवरच्या दादाच्या अक्षरांसमोर जाऊन उभी राहिली. मला तिची दया आली. तीस वर्षं ज्या एका वाक्यावर बाई उभी आहे, ते वाक्यच तिला अडवत होतं, आणि उद्या पाचला यादी बंद होणार होती.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. "वहिनी, माझ्या खिडकीत सहीच्या नमुन्याची कार्डं असायची. माणूस आला की त्याची सही कार्डाशी ताडून बघायची. एकदा एकाच बाईची दोन कार्डं निघाली, दोन्ही खरी. मी काम थांबवलं. ती खूप भांडली. पण दोन कार्डं असली की माझ्यासाठी ती बाई कोणीच नव्हती."

"मग काय केलंत?"

"दोन्ही कार्डं फाडली आणि दोन्ही सह्या एका नव्या कार्डावर घेतल्या."

वहिनी वळली. तिने कोपऱ्यातून दोराचे दोन तुकडे घेतले, आणि मला वाटलं, ही आता वैतागून काम काढून बसणार. तिने दोन्ही टोकांचे पेड उलगडले, एकमेकांसमोर धरले आणि एकाचे पेड दुसऱ्यात विणायला लागली. वर, खाली, वर, खाली. याला सांधा म्हणतात. गाठ नसते, टेंगूळ येत नाही, आणि नीट केलेला सांधा दोराइतकाच भार घेतो. तिचे हात चालले होते आणि डोळे लॅपटॉपकडे होते.

"माझं चुकलं कुठे ते कळलं," ती म्हणाली. "दोन दोर माणसाला लागतात, कारण माणूस पडतो. ही तर हजेरीची वही आहे. हजेरीच्या वह्या दोन ठेवल्या की एक ना धड, भाराभर चिंध्या. पण कापायची नाही. तो म्हणाला म्हणून कापायची नाही. फॉर्म लागणार आहे मला. बसा वन्सं, वाचा मोठ्याने."

दोन्ही ओळींची सुरुवात एकच होती आणि शेवटही एकच होता. फरक फक्त मधल्या नावात. वहिनीने सुरुवात एकदा लिहिली, मध्ये दोन्ही कंपन्यांची नावं शेजारीशेजारी घातली, शेवट एकदा लिहिला. मी तीन वेळा वाचलं. तिने चार वेळा. मग दोन्ही जुन्या ओळी काढल्या आणि ही एक ठेवली. फोन लावून त्या कंटाळलेल्या माणसाला वाचून दाखवली. तो पहिल्यांदाच जरा जागा झाला. "हो मॅडम, हेच बरोबर आहे. लोकांना एवढं सांगत बसत नाही मी. बदल पोचायला काही तास लागतील. मध्ये हात लावू नका."

हात न लावणं वहिनीला अवघड गेलं. दुपारभर ती बेल्टात लटकून राहिली. एका बेल्टात दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं. शेवटी दादाने स्टूल नेऊन तिच्या पायाखाली ठेवलं.

शुक्रवारी सकाळी नऊला प्रमाणपत्रं पुन्हा गेली. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पत्र परत आलं नाही. पोस्टात मी कधी पत्र पोचल्याचा आनंद मानला नव्हता, तो नियम होता. त्या दिवशी मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते चष्म्याच्या काचेवर ढकललं.

अकराला मॅडमचा फोन आला. त्यांनी अडतीस नंबर एकेक करून वाचले, वहिनीने वहीत बघून एकेकाला होकार दिला. एका बेल्टाच्या शिवणीची तारीखही विचारली, मुद्दाम चुकीची सांगून. वहिनीने ती दुरुस्त केली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "झालं. तुमचं नाव यादीत आहे. पण एक विनंती. तो जुना पत्ता बंद करा. तो चालू राहिला तर लोक जुन्या सवयीने असल्या पत्त्यांवर विश्वास ठेवत राहतील."

वहिनीने ‘बरं’ म्हटलं, पण लगेच काही केलं नाही. त्या पत्त्यावर तिची अकरा वर्षं होती. रंगाऱ्यांची पत्रं, पडता पडता वाचलेल्यांची पत्रं, एका बाईने नवऱ्याचा फोटो पाठवला होता तो. नवा पत्ता चार दिवसांचा. हा जिवाचा दोर होता, आणि तो तिने स्वतः सोडायचा होता.

तिने पत्रं एका डिस्कवर उतरवून घेतली. डिस्का अर्थात दोन. मग जुन्या पत्त्यावरून सगळ्यांना शेवटचं पत्र लिहिलं. ‘मी ‘दुसरा दोर’ची वहिनी. या पत्त्यावरून हे माझं शेवटचं पत्र. यापुढे आमच्या नावाचं काहीही फक्त खालच्या नव्या पत्त्यावरून येईल. दुसरीकडून आलं तर ते माझं नाही, मग त्यावर माझी सही का असेना. शंका आली तर वर चढायच्या आधी आमच्या पानावर नंबर लिहा.’ लांबूने ते पत्र दुपारपर्यंत ओळखीतल्या प्रत्येक काच पुसणाऱ्याच्या आणि रंगाऱ्याच्या मोबाइलवर पोचवलं. आमच्या पोस्टात असा एक माणूस असता तर मी लवकर निवृत्त झाले असते.

साडेतीनला ‘टपाल’वर पहिला फॉर्म आला. माणूस अनोळखी, गाव अनोळखी. त्याने लिहिलं होतं: ‘मी रंगारी आहे. आज नवा बेल्ट मिळाला. तुमचं लेबल आहे. प्रमाणपत्र ऑफिसच्या पत्त्यावरून आलंय. नंबर खाली लिहिला आहे. आता चढणार आहे.’

मी नंबर वाचला. वहिनीने वही उघडली आणि बोट फिरवलं. मग ती उठली, कोपऱ्यातली पेटी उघडली आणि कापलेले तुकडे एकेक उलटे करून बघितले. त्या नंबरचा बेल्ट तिथे होता, दोन तुकड्यांत. दोन वर्षांपूर्वी झटका देऊन तिने स्वतः कापलेला. चोराने आकडे अंदाजाने टाकले असणार.

ती खुर्चीत बसली आणि एका बोटाने टाइप करायला लागली. मी म्हटलं, "मी लिहू का?" ती म्हणाली, "नाही." पट्टी ठेवली नाही, पुन्हा वाचलं नाही. ‘हा बेल्ट माझा नाही. चढू नका. चढला असाल तर दुसऱ्या दोरावर भार घ्या आणि हळू खाली या. वहिनी.’

पत्र गेलं. परत आलं नाही. दादा दारात येऊन उभा राहिला होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो भिंतीला टेकला आणि त्याने हाताची घडी घातली, बोटं काखेत दाबून. मी घड्याळाकडे बघितलं नाही. वहिनी पडद्याकडे बघत राहिली.

उत्तर आलं ते एका ओळीचं: ‘गच्चीवरच होतो. बेल्ट काढला. बाकी चौघांनाही खाली उतरवलं.’

दादा आत गेला आणि आतल्या खोलीत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. वहिनीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने जुना पत्ता उघडला, बंद करायचं बटण शोधलं आणि दाबलं. पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा दाबलं.

"त्याला घरचा पत्ता विचारा, वन्सं. पाच बेल्ट पाठवायचेत. ते तुमच्या पोस्टाने."

मी लिहायला बसले. वहिनीने मोजे चढवले, मांडणीवरचे पाच नवे बेल्ट काढून टेबलावर ठेवले आणि त्यातला पहिला अंगात घालून ती हुकाखाली गेली.